जैसलमेरची सकाळ आम्हाला परत द्या: राजस्थानच्या सहली काढणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून राजस्थानच्या सहली काढणाऱ्या पर्यटन कंपन्यांचे संचालक, कार्यक्रम आखणारी मंडळी आणि टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या हंगामाची तुमची माहितीपत्रके घरोघरी आली आहेत. आमच्या भागातले लोक ज्या कंपनीवर डोळे मिटून विश्वास टाकतात, तिच्या पत्रकात जैसलमेरच्या दुसऱ्या दिवसापुढे एक ओळ असायची: ‘सकाळी डेझर्ट नॅशनल पार्क’. यंदा ती ओळ काढून टाकली आहे. त्या जागी ‘हस्तकला केंद्रास भेट व खरेदी’ आले आहे आणि संध्याकाळपुढे ‘सम येथे जीप सफारी, कॅम्पवर डीजे नाइट’ असे छापले आहे. मी फोन केला. पलीकडून अगदी नम्रपणे उत्तर मिळाले, “मॅडम, तिकडे काही दिसत नाही, लोक कंटाळतात. म्हणून काढलं.” मग ओळखीच्या लोकांकडून इतर कंपन्यांची पत्रके मागवून पाहिली. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे. म्हणून हे पत्र कोणा एकाला न लिहिता तुम्हा सर्वांना, आणि सर्वांसमक्ष लिहिते आहे.

मी सोलापूरची. शाळेत भूगोल शिकवते. माझे वडील, म्हणजे अण्णा, नान्नजजवळच्या मार्डीच्या माळावर गुरे राखत वाढले. त्यांच्या लहानपणी माळढोक तिथे रोजच्या पाहण्यातला पक्षी होता. 1979 साली त्या माळांसाठी अभयारण्य जाहीर झाले, तरी पक्षी कमी कमी होत गेले आणि आज नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. सगळ्या देशात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असावेत आणि त्यातले बहुतेक एकट्या जैसलमेरच्या परिसरात आहेत. अण्णांनी राजस्थानच्या सहलीला होकार दिला तो त्या एका ओळीसाठी. किल्ले आणि हवेल्या पाहायची त्यांना फारशी ओढ नव्हती.

आम्ही गेलो तेव्हा ती ओळ पत्रकात होती. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर टूर मॅनेजरांनी सांगितले की उद्याचे पार्क रद्द, मोठी बस आत जात नाही आणि नाश्ता साडेआठशिवाय मिळणार नाही. बस जात नाही हे बुकिंग घेतानाही माहीत असणारच. आम्ही चार घरांनी मिळून हॉटेलबाहेरच्या एका स्थानिक चालकाची जीप ठरवली, वनखात्याची परवानगी काढली आणि अंधारातच निघालो. वाळूच्या टेकड्यांचे सम मागे टाकून उद्यानातल्या सुदासरीला पोचलो तेव्हा नुकते उजाडत होते. सेवण गवताचे ठोंब, मध्ये उघडी वाळू, लांबवर खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची, एकेक झाडे. चिंकारांचा एक कळप गाडीकडे बघत उभा राहिला आणि मग चरायला लागला. वनरक्षकाने बोट दाखवले तिकडे आधी कोणालाच काही दिसेना. अण्णांना दिसले. गवताच्या वर फिकट करडी मान, डोक्यावर काळी टोपी, चोच किंचित वर. एकेक पाऊल जपून टाकत मादी चालली होती. अण्णा दुर्बीण न घेताच म्हणाले, “हेच की गं ते. आपल्या माळावरचं.” त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही बोललो नाही.

आमच्याच बसमधली बाकीची मंडळी त्या वेळी हॉटेलात नाश्त्याच्या रांगेत होती. त्यात निवृत्त शिक्षक होते, शेतकरी होते, आयुष्यभर माळरान पाहिलेल्या बायका होत्या. त्यांना कोणी विचारलेच नाही. ‘लोक कंटाळतात’ हे तुमचे म्हणणे मला मान्य नाही, ते याचसाठी.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार वेळेबद्दल आहे. वाळवंटातल्या गावाहून दिवसभराची भटकंती आखायची तर आधी घड्याळ बघावे लागते, ठिकाणांची यादी नंतर. जैसलमेरचा माणूस उजाडताना बाहेर पडतो, उन्हे चढली की सावलीला येतो आणि कलत्या उन्हात पुन्हा निघतो. तुम्ही नेमके उलटे करता. सकाळचे सोन्यासारखे तीन तास आंघोळी, नाश्ता आणि बस भरण्यात जातात. दहा-साडेदहाला किल्ला. तिथून हवेल्या, मग एक दुकान, मग दुसरे दुकान, दोन वाजता जेवण. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तिथे दुपारी पारा 35च्या वर असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसांना त्या वेळी किल्ल्याचा दगडी चढ चढवायचा आणि मग म्हणायचे की जैसलमेरला ऊन फार! डिसेंबर-जानेवारीत ऊन सुसह्य असते हे खरे, पण प्राणी-पक्षी तर तेव्हाही सकाळीच दिसतात. साडेअकराला पार्कात नेलेल्या माणसाला काही दिसले नाही, यात पार्कचा काय दोष?

आणि किल्ला हलवायचा कुठे आहे? 1156 साली रावळ जैसलने बांधायला घेतलेला तो किल्ला दुपारी चारलाही तिथेच असतो, तेव्हा भिंती पिवळ्या उजेडात न्हातात आणि गर्दीही दिवेलागणीला पांगते. पहाट वाळवंटाला द्या, किल्ला संध्याकाळी दाखवा. एवढा एक बदल केलात तरी अर्धे पत्र मी मागे घेईन.

दुसरी तक्रार समच्या संध्याकाळची. सम जैसलमेरपासून साधारण 40 किलोमीटर. तुम्ही सगळे जण सगळ्या बसगाड्या एकाच वेळी, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी, तिथे आणून सोडता. मग उंटांची रांग, जीपची रांग, चहाची रांग. जीप टेकडीवरून खाली उडवली जाते तेव्हा आत बसलेल्या सत्तरीच्या माणसाच्या कण्याला काय होते, हे तुमच्या मॅनेजरांनी पाहिलेले आहे. आमच्या बसमधल्या एका काकूंना त्या रात्री कंबर धरून बसावे लागले आणि उरलेली सहल त्यांनी बसच्या खिडकीतूनच पाहिली. ‘आजी, मज्जा येईल’ असे म्हणून त्यांना चढवण्यात आले होते. पाठीचा त्रास आहे का, असे कोणीही विचारले नव्हते.

त्याच टेकड्यांवर पहाटे गेलात तर वाळू गार असते. रात्रभर फिरलेल्या किड्यांच्या नाजूक दुहेरी रेघा, उंदराच्या उड्या, कुठे वाळवंटी खोकडाच्या पावलांची सरळ ओळ, सगळे वाळूवर उमटलेले असते. उन्हे वर आली आणि वारा सुटला की ते पुसले जाते. तुम्ही आणता त्या वेळी तिथे फक्त टायरचे पट्टे असतात. मला शाळेतल्या मुलांना ही वाळू दाखवायची आहे. रेघ कोणाची, तो किडा कुठून निघाला आणि कुठे बिळात शिरला, हे मुले तासभर शोधत बसतील, कंटाळणार नाहीत.

रात्रीचे डीजे तर बंदच करा. मांगणियार कलावंत पिढ्यान्पिढ्या कमायचा आणि खडताल वाजवत आले आहेत. आमच्या कॅम्पवर त्यांना दोन गाणी म्हणू दिली. तिसरे सुरू व्हायच्या आत कोणीतरी मोबाइल जोडला आणि हिंदी सिनेमाची गाणी सुरू झाली. कमायचा वाजवणारे वयस्क गृहस्थ वाद्य कापडात गुंडाळून बाजूला बसून राहिले, कारण बिदागी शेवटी मिळणार होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि मला त्याची लाज वाटली. शिवाय हे कॅम्प राष्ट्रीय उद्यानाला खेटून आहेत. 3,162 चौरस किलोमीटरचे ते उद्यान नकाशावर मोठे दिसते, पण त्यात गावे आहेत, शेते आहेत, रस्ते आहेत. माळढोकाला खरी निवांत जागा थोडीच उरते. माळढोक जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडे घालतो. विजेच्या तारांना धडकून जैसलमेर भागात वर्षाला साधारण 18 माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. तारांचा तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो तुमच्या हातातला नाही हे मला कळते. लाउडस्पीकर मात्र तुमच्या हातातला आहे. सम आणि रामदेवरा इथे माळढोकाची पिल्ले वाढवण्यासाठी सरकारी केंद्रे चालतात, शास्त्रज्ञ एकेका अंड्यासाठी रात्री जागवतात आणि त्याच परिसरात आपण मराठी माणसे मध्यरात्रीपर्यंत ढणढणाट करतो. हे शोभत नाही.

तिसरी तक्रार कुलधऱ्याची. शहरापासून 18 किलोमीटरवर पालीवाल ब्राह्मणांचे हे ओसाड गाव आहे. तिथे आम्हाला अर्धा तास भुताच्या गोष्टी ऐकवल्या गेल्या. एका रात्रीत गाव रिकामे झाले, शाप दिला, अजून पैंजण ऐकू येतात वगैरे. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमाची कथा सांगायला माझी हरकत नाही, ती तिथल्या लोकांच्या तोंडी आहे. पण आटत गेलेले पाणी हेही गाव सुटण्याचे एक कारण अभ्यासकांनी मांडले आहे, ते कोणी सांगत नाही. आणि पालीवालांनी मागे ठेवलेली खरी नवलाची गोष्ट तर कोणी दाखवतच नाही. ती म्हणजे खडीन. खडकाळ उताराच्या पायथ्याला मातीची लांबलचक पाळ घालायची. पावसाळ्यात जे काही चार शिंतोडे पडतील त्याचे पाणी उतारावरून वाहत येऊन पाळीपाशी साठते. ते जमिनीत मुरू द्यायचे, जादा झाले तर सांडव्यातून सोडायचे आणि मग त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. जेमतेम दीडशे-दोनशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात गहू! आमच्या सोलापूर जिल्ह्यात त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात गावांना टँकर लागतात. तुमच्या बसमधून येणारा निम्मा प्रवासी शेतकरी किंवा शेतकऱ्याचा मुलगा असतो. त्याला खडिनाच्या पाळीवर उभे करा आणि पाणी कुठून येते, कुठे थांबते ते तिथल्या शेतकऱ्याकडून ऐकू द्या. तो गावी येऊन चार जणांना सांगेल. पैंजणांची गोष्ट तो बसमध्येच विसरतो.

अकलचे तर तुमच्या पत्रकांत नावही नाही. बाडमेरच्या रस्त्याला अवघ्या 17 किलोमीटरवर अकल वुड फॉसिल पार्क आहे. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडे तिथे उघड्या टेकडीवर पडली आहेत, त्यांवर लोखंडी जाळ्या आणि पत्र्याची छपरे घातली आहेत. गंजाच्या रंगाचे खोड, त्यावर सालीच्या रेषा स्पष्ट. हात लावला तर थंडगार दगड. आज जिथे सावलीला झाड शोधावे लागते तिथे एके काळी दमट हवेतले जंगल होते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि तिथे उभे राहून पाहणे वेगळे. सगळे मिळून दोन तासांचे काम आहे. एका दुकानात तुम्ही आम्हाला त्याहून जास्त वेळ बसवून ठेवले होते.

दुकानांबद्दल फार लिहीत नाही. कमिशन मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझे एवढेच म्हणणे आहे की दुकानात किती वेळ जाणार ते पत्रकात छापा. ज्याला रजया घ्यायच्या आहेत तो आनंदाने घेईल. ज्याला नाही त्याला त्या वेळात गडीसर तळ्याकाठी बसता येईल.

पाण्याच्या बाटल्या: रोज माणशी दोन-तीन दिल्या जातात, रिकाम्या कुठे जातात ते समच्या झुडपांत दिसते. बसमध्ये वीस लिटरचे जार ठेवा, लोक घरून बाटली आणतील.

आता एक गंभीर गोष्ट. काही पत्रकांत ‘उन्हाळी सुट्टी विशेष सवलत’ म्हणून मे महिन्यातल्या जैसलमेरच्या तारखा आहेत. जैसलमेरच्या शेजारच्या फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. त्या दिवसांत तिथली जनावरेसुद्धा सावली सोडत नाहीत. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तिथे नेणे हा जिवाशी खेळ आहे. हॉटेल स्वस्त मिळते म्हणून हा धोका पत्करू नका. या तारखा रद्द करा.

फलोदीचे नाव निघाले म्हणून सांगते. तुमची बस बिकानेरहून जैसलमेरला येते तेव्हा फलोदी वाटेवरच आहे आणि तिथून चार-पाच किलोमीटरवर खीचन. हिवाळ्यात तिथे हजारोंनी कांड्या करकोचे उतरतात, राजस्थानी लोक त्यांना कुरजां म्हणतात. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून येणाऱ्या या पाहुण्यांना गावकरी वर्षानुवर्षे रोज सकाळी पदरचे धान्य घालत आले आहेत. 2025 साली खीचनला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. दाणा टिपून झाला की पक्षी तळ्याकाठी पाण्यावर येतात, म्हणजे सकाळी बिकानेर सोडलेल्या बसलाही ते दिसू शकतात. इतक्या वर्षांत तुमच्यापैकी किती जणांनी तिथे बस वळवली? अर्धा तास लागतो.

तनोट आणि लोंगेवाला तुम्ही नीट दाखवता, हे मात्र मोकळ्या मनाने सांगते. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर होतात, तरी 1965 आणि 1971च्या युद्धांच्या त्या जागांवर आमच्या टूर मॅनेजरांनी जे सांगितले ते ऐकताना बसमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. म्हणजे मनावर घेतले तर तुम्हाला जमते. तुम्ही मराठी माणसाला घराबाहेर काढले आहे. एकट्याने प्रवास करायला बिचकणाऱ्या बायका, नव्वदीला टेकलेली जोडपी तुमच्या भरवशावर निघतात. आजारी पडलेल्या प्रवाशाला रात्री दवाखान्यात नेणारे तुमचे लोक मी पाहिले आहेत. आदर आहे म्हणूनच तर तुम्हाला लिहिते आहे. पैसे परत मागायचे असते तर ग्राहक आयोगाकडे गेले असते.

माझ्या मागण्या अशा:

जैसलमेरला किमान एक पहाट ठेवा. सुदासरीला लहान जीपमधून न्या, परवानगी आधीच काढून ठेवा आणि त्याचे वेगळे पैसे घ्या, लोक देतील. माळढोक दिसेलच असे आश्वासन मात्र देऊ नका, तो दिसणे न दिसणे त्याच्या मर्जीवर. ज्यांना जीप झेपणार नाही त्यांच्यासाठी त्याच वेळी अकल ठेवा, तिथवर डांबरी रस्ता आहे.

नाश्ता डब्यात बांधून द्या. पहाटे पाचला चहा आणि सोबत दोन थेपले मिळाले तर कोणाचीही तक्रार नसते. तुम्ही राजस्थानात पिठलं-भाकरी खाऊ घालता त्याचे कौतुक आहे, पण एखाद्या दुपारी केर-सांगरी आणि बाजरीची रोटीही ताटात येऊ द्या.

सूर्यास्ताला सगळ्या बस समला नेऊ नका. निम्म्या खुडीच्या टेकड्यांकडे वळवा. लाउडस्पीकर नसलेले कॅम्प निवडा, मांगणियारांना पूर्ण मैफल करू द्या आणि त्यांची बिदागी आधी द्या. उंच टेकड्यांवरची जीप सफारी पूर्णपणे ऐच्छिक ठेवा आणि पाठीचे, हृदयाचे दुखणे आहे का हे विचारल्याशिवाय कोणालाही त्यात बसवू नका.

कुलधऱ्याला आणि उद्यानात तिथल्याच गावातला वाटाड्या घ्या. चराई, ओरण, पाणी, पक्षी यांबद्दल तो जे सांगेल ते पुण्या-मुंबईहून पाठवलेल्या कागदावर नसते. देवाच्या नावाने राखलेल्या त्या ओरणांसाठी तिथले लोक आज सौर प्रकल्पांशी झगडत आहेत, हेही आपल्या लोकांच्या कानावर पडू द्या.

एप्रिल ते जूनच्या जैसलमेरच्या सर्व तारखा काढून टाका.

आणि छापलेले ठिकाण रद्द करायचे असेल तर आदल्या रात्री टेबलावर जाहीर करू नका. प्रवाशांना विचारा, पर्याय द्या, नाहीतर त्या ठिकाणाचे पैसे परत करा.

दिवाळीची बुकिंगे लवकरच सुरू होतील. त्याआधी सुधारलेला कार्यक्रम छापावा, ही विनंती. जी कंपनी ही सकाळ परत आणेल तिच्याकडे आमच्या शाळेचे शिक्षक आणि अण्णांचे मार्डी-नान्नजचे मित्र नाव नोंदवायला तयार आहेत. यादी माझ्याकडे आहे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी का जमत नाही ते जाहीरपणे सांगावे, मी वाट पाहीन.

कळावे,
आपली नम्र,
एक भूगोल शिक्षिका, सोलापूर